प्राणवायूच्या जोडांची निगा
(वार्षिक सभेतील प्रशासकांचे भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. यंत्रांपेक्षा मला नोंदवह्या अधिक कळतात. एका महिन्यात खाटा नेहमीइतक्याच भरलेल्या असूनही प्राणवायूचे सिलिंडर जास्त लागल्याचे वहीत दिसले. तंत्रज्ञांनी मॅनिफोल्डच्या जोडांवर तेलविरहित साबणद्रावण लावले. एका आट्यांच्या जोडावर बारीक बुडबुडे उठले.

भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब सुमारे १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. वॉर्डात तो चारच्या आसपास उतरतो. म्हणून खरी कसोटी मॅनिफोल्डपाशीच. निमुळत्या आट्यांवर प्राणवायूसाठी मान्य टेफ्लॉन पट्टी आट्यांच्या दिशेने गुंडाळावी, पहिला आटा मोकळा सोडावा. अन्यथा पट्टीचे तुकडे नळीत शिरतात. सिलिंडरच्या तोंडाशी मात्र पट्टी नको. तेथे वॉशर किंवा धातूची बैठकच गळती अडवते. गळते म्हणून पान्ह्याने आणखी आवळणे हा आपला आवडता उपाय, पण त्याने पितळ तडकते. आधी दाब उतरवावा, मगच जोडाला हात लावावा. तेल-ग्रीस तर मुळीच नको. दाबाखालील प्राणवायूत ते पेट घेते.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीपाशी गळती होऊन पुरवठ्याचा दाब घसरला. वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याच दिवसांत ठाणे-डोंबिवलीत एकेका सिलिंडरसाठी नातेवाईक वणवण करीत होते.

आता प्रत्येक सिलिंडर बदलल्यावर बुडबुड्यांची परीक्षा होते आणि वहीत सही होते. रात्रपाळीची सही दिसली नाही, तर सकाळी मी स्वतः खाली जातो.