दोरीवरचं पीक आणि सुक्याचा हिशेब

किनाऱ्यावरच्या बचत गटांत सध्या एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, "ताई, समुद्रात शेवाळाची शेती करतात म्हणे. त्यासाठी गटानं कर्ज काढावं का?" आज त्याविषयीच बोलू या.

हे लाल शेवाळ, कप्पाफायकस नावाचं, मूळचं फिलिपाईन्सकडचं. त्यातून कॅरॅजीनन नावाचा पदार्थ निघतो. आइस्क्रीम, टूथपेस्ट दाट राहावी म्हणून तो घालतात. तमिळनाडूत मंडपमच्या बाजूला बचत गटांच्या बाया कितीतरी वर्षं ही शेती करताहेत. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद असा बांबूचा तराफा. त्यावर दोऱ्या ताणायच्या, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे आणि तराफा उथळ पाण्यात नांगरून ठेवायचा. माशांनी खाऊ नये म्हणून खालून जाळं. खत लागत नाही, गोडं पाणी लागत नाही. साधारण 45 दिवसांत काढणी.

आता हिशेब बघा. एका तराफ्याला सुमारे 60 किलो बियाणं लागतं. चांगलं साधलं तर 260 किलोच्या आसपास माल निघतो. आकडा ऐकून हुरळू नका. त्यातलं 60 किलो पुढच्या लागवडीला ठेवायचं. उरलं 200. ते वाळलं की 20 किलोच्या आसपास! सुकट वाळवणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून कुणी दर सांगितला, की पहिलं विचारायचं, ओल्याचा की सुक्याचा?

दुसरी गोष्ट पावसाची. या शेवाळाला खारंच पाणी हवं. नदीचं गोडं पाणी मिसळलं की ते अशक्त होतं, मरतं. आपल्याकडे जूनपासून समुद्र खवळतो, खाड्या गढूळ होतात. तेव्हा तराफे काढावेच लागणार. मग पावसाळ्यानंतर बियाणं कुठून आणायचं, कुठल्या भावानं? मंडपमचं वर्षाचं गणित कोकणात जसंच्या तसं चालणार नाही.

तिसरी गोष्ट जागेची. मन्नारच्या आखातात हे शेवाळ प्रवाळावर पसरल्याचं आढळलं आहे. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. त्याच्या जवळ तराफा नको. होड्यांची वाट, रापणीची जागाही सोडायची. गावातल्या मच्छीमारांशी आधी बोला, मत्स्यव्यवसाय खात्याकडे परवानगीचं विचारा.

म्हणजे करूच नये का? करावं. पण आधी दोन-चार तराफे, एक हंगाम. किती बांधलं, किती निघालं, वाळून किती उरलं, हे वहीत लिहा. माल कोण घेणार, कुठल्या दरानं, ते कागदावर घ्या. पैसे गटाच्या खात्यात जमा होऊ देत. पाण्यात उभं राहून दोऱ्या बांधणार आपण, तर हिशेबाची वहीही आपल्याच हातात हवी. कर्जाचा ठराव त्यानंतर.

पुढच्या बैठकीत हे प्रश्न मांडा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा.