शीख म्हणजे शिकणारा

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत दिलेले व्याख्यान)



शिखांची तरुण पिढी आपला धर्म पुन्हा हाती घेत आहे व वाडवडिलांची रीत जिवंत ठेवीत आहे, ह्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. तुम्ही म्हणाल, पंजाब कोठे आणि आपले गाव कोठे ! तिकडच्या पोरांनी पगडी बांधली काय नि सोडली काय, आमच्या नांगराला त्याचे काय ? पण जरा दम धरा. ज्या ग्रंथापुढे हे लोक माथा टेकवतात, त्यात गुरूंच्या वाणीशेजारी कबीर विणकराची, रविदास चर्मकाराची, सेना न्हाव्याची, धन्ना जाटाची आणि आपल्या नामदेव शिंप्याची वाणी एकाच मानाने बसवलेली आहे. नामदेवांची एकसष्ट पदे त्यात आहेत. पंजाबात घुमान येथे त्यांचे स्थान आहे, आणि 2015 साली मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते. तेव्हा हे घर अगदीच परक्याचे नव्हे.

प्रथम शब्दच पाहा. शीख म्हणजे शिष्य, शिकणारा. आपल्या 'शिकणे' ह्या शब्दाचा तो सख्खा भाऊ. ह्या एका शब्दात आजच्या व्याख्यानाचे सार आहे. हा धर्म बापाच्या सातबाऱ्यासारखा आपोआप मुलाच्या नावावर चढत नाही. दर पिढीने तो नव्याने शिकावा लागतो, स्वतःच्या तोंडाने नि स्वतःच्या हातांनी. शिकणे थांबले की मधला दलाल घरात शिरलाच म्हणून समजा.

गुरू नानक 1469 साली जन्मले. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी रावीकाठी कर्तारपुरास शेती करीत काढली. कष्ट करून खा, देवाचे नाव घ्या, मिळेल ते वाटून खा, हा त्यांचा उपदेश. दुसरे गुरू अंगद ह्यांनी गुरुमुखी लिपी नीट बसवून दिली, म्हणजे लोकांना आपल्या भाषेत वाचता यावे. तिसरे गुरू अमरदास ह्यांनी नियम घातला, की आधी लंगरच्या पंगतीत सर्वांबरोबर बसून जेवा, मग भेटीस या. पाचवे गुरू अर्जुन ह्यांनी 1604 साली ग्रंथ सिद्ध केला. 1699 च्या वैशाखीस दहावे गुरू गोविंदसिंग ह्यांनी आनंदपुरास खालसा पंथ उभा केला. त्या वेळी शिर देण्यास जे पाच जण उठले, त्यांत परंपरेप्रमाणे एक लाहोरचा खत्री, एक हस्तिनापुरचा जाट, एक जगन्नाथपुरीचा पाणक्या, एक द्वारकेचा कापड छापणारा आणि एक आपल्या शेजारच्या बिदरचा न्हावी होता. गुरूंनी त्यांना अमृत दिले आणि मग हात जोडून त्यांच्याच हातून स्वतः घेतले. गुरूने शिष्यापुढे ओंजळ धरावी, ही गोष्ट लहान नव्हे.

1708 साली नांदेडास, आपल्या गोदाकाठी, गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. जाण्यापूर्वी त्यांनी सांगितले, की ह्यापुढे माणूस गुरू नाही, ग्रंथच गुरू. ह्यातली मेख ध्यानात घ्या. जिवंत गुरू अडाण्याशीही बोलतो. ग्रंथ मात्र वाचणाऱ्याशीच बोलतो. म्हणून ज्या शीख पोराला अक्षर येत नाही, त्याचा गुरू समोर असून मुका होतो. मग त्याला दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यावे लागते, आणि ती ओंजळ स्वच्छच असेल असा काही नेम नाही.

हे नुसते तर्काचे बोलणे नव्हे. 1873 साली अमृतसरच्या मिशन शाळेतील चार शीख विद्यार्थ्यांनी आपण ख्रिस्ती होणार असे जाहीर केले. वडीलधारी मंडळी दचकली. पोरांना शिव्या घालून भागणार नाही, आपणच त्यांना काही शिकवले नाही, हे जाणत्यांनी ओळखले आणि सिंग सभा स्थापन केली. पुढे ठिकठिकाणी सभा निघाल्या, शाळा निघाल्या, गुरुमुखीत पुस्तके व पत्रे छापली गेली. 1892 साली अमृतसरास खालसा कॉलेज उभे राहिले.

तिकडे पुष्कळ गुरुद्वारे महंतांच्या हाती गेली होती. जमिनी त्यांच्या, दानपेटी त्यांची, आणि कोणाचा प्रसाद घ्यावा हेही तेच ठरवणार ! 12 ऑक्टोबर 1920 रोजी, ज्यांना हलक्या जातीचे म्हणत, अशा शिखांनी जालियनवाला बागेत सभा भरवली, अमृत घेतले आणि कढा प्रसाद घेऊन ते हरिमंदिरात गेले. खालसा कॉलेजातील प्राध्यापक त्यांच्या बाजूस होते. पुजारी म्हणाले, ह्यांचा प्रसाद चालणार नाही. वाद वाढला. शेवटी ठरले, की ग्रंथ उघडावा आणि जे वचन निघेल ते मानावे. वचन निघाले ते सेवा करणाऱ्यावर कृपा होते ह्या अर्थाचे ! पुजाऱ्यांना प्रसाद घ्यावा लागला. मंडळी तेथून अकाल तख्तावर गेली, तो तेथील पुजारी आधीच पसार झाले होते. बंधूंनो, ग्रंथ वाचणारे लोक तेथे होते म्हणून ग्रंथाने न्याय दिला. त्यानंतर सुमारे महिन्याभराने शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी स्थापन झाली. पुढे 20 फेब्रुवारी 1921 रोजी ननकाना साहेबास महंताच्या भाडोत्री माणसांनी निःशस्त्र शिखांची कत्तल केली. तरी लोक हटले नाहीत, आणि 1925 साली गुरुद्वारांचा कायदा होऊन कारभार निवडून दिलेल्या लोकांकडे आला.

आता आजकालच्या तरुणांकडे येऊ. त्यांच्यापुढील संकट वेगळे आहे. 1984 च्या नोव्हेंबरात दिल्लीत शिखांची हत्या झाली. सरकारी आकडाच 2,733 आहे. मारेकरी केस आणि पगडी पाहून माणूस ओळखीत. जीव वाचवण्यासाठी कित्येक बापांनी आपल्या हाताने मुलांचे केस कापले. परदेशांत गेलेल्यांचीही तीच गत. अमेरिकेत 2001 साली न्यूयॉर्कचे मनोरे पाडले गेले, आणि चारच दिवसांनी अॅरिझोना प्रांतात बलबीरसिंग सोढी ह्या पेट्रोलपंपवाल्याला केवळ त्याच्या पगडीमुळे गोळी घालण्यात आली. फ्रान्सात 2004 च्या कायद्याने सरकारी शाळेत पगडी बंद झाली. विलायतेत मात्र एका शाळेने पगडीवाल्या मुलास प्रवेश नाकारला, तेव्हा त्याचा बाप वरिष्ठ कोर्टापर्यंत भांडला आणि 1983 साली जिंकला. ह्याशिवाय दाढीमिशा काढून चारचौघांसारखे दिसण्याची हौस आहे, परदेशाची ओढ आहे, आणि पंजाबच्या खेड्यांत नशेच्या पुडीने मांडलेला उच्छाद आहे. अशा वेळी केस राखणे म्हणजे फुकाचा मान नव्हे. त्याला छाती लागते.

ह्यातून जी मुले मागे वळली, त्यांनी केले काय ? त्यांनी भाषणे ऐकली नाहीत असे नव्हे; पण मुख्य म्हणजे त्यांनी हात चालवले.

पहिले अक्षर. गुरुमुखीच्या मूळ वर्णमालेस 'पैंती' म्हणतात, कारण अक्षरे पस्तीस. लंडन, व्हँकुव्हर, कॅलिफोर्निया येथील गुरुद्वारांत सुटीच्या दिवशी पैंतीचे वर्ग भरतात, उन्हाळ्यात शिबिरे होतात. इंग्रजीत वाढलेले पोर तेथे पहाटेचा जपजी आणि सांजेचा रहिरास स्वतः वाचू लागते.

दुसरी पगडी. पाचसहा मीटर लांब मलमल दोघांनी दोन टोके धरून ताणायची, घडीवर घडी घालायची, मग एकेक पेच बसवायचा. हे पुस्तकातून येत नाही. बाप, काका किंवा थोरला भाऊ समोर लागतो. ज्या घरी शिकवणारा उरला नाही, त्या घरच्या मुलांसाठी अमृतसरात पगडी शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. हल्ली पुष्कळ मुलीही पगडी बांधतात. खालशाची दीक्षा पुरुषापुरती नव्हती, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोडून काढणे कठीण आहे.

तिसरे कीर्तन. नानकांचा सोबती मर्दाना हा मुसलमान. तो रबाब वाजवी. त्या परंपरेची रबाबी घराणी हरिमंदिरातही गात असत. 1947 च्या फाळणीत ती पाकिस्तानात गेली. सरंदा, ताऊस, रबाब मागे पडले, बाजाची पेटी तेवढी राहिली. आता तरुण मुलेमुली ती तंतुवाद्ये पुन्हा शिकत आहेत. 2022 साली अकाल तख्ताच्या जथेदारांनीही हरिमंदिरात पेटीच्या जागी तंतुवाद्ये आणण्यास सांगितले. पण वाजवणारा मिळून भागत नाही. ताऊस म्हणजे मोर. त्याचा खोका मोराच्या आकाराचा कोरावा लागतो. लाकूड ओळखणारा सुतार नसेल तर गवयाने काय हवेत बोटे फिरवावीत ? कारागीर गेला की विद्या गेली, हे तुम्हांला मी सांगायला नको.

चौथी पंगत. कणीक मळणे, भांडी घासणे, जोडे पुसणे ह्याला तेथे सेवा म्हणतात, आणि शिकलेसवरलेले पोरही त्यास लाजत नाही. नोव्हेंबर 2020 पासून वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर, सिंघू आणि टिकरीस, थंडीवाऱ्यात बसून होते. त्यांच्या लंगरात अडवणारा शिपाई आला तरी त्याला पोळी मिळे. तीन कायदे मागे घेतले गेले तेव्हाच लोक उठले. 2021 च्या साथीत गाझियाबादच्या एका गुरुद्वाऱ्यापुढे तरुणांनी प्राणवायूचा लंगर मांडला. रस्त्याकडेला श्वास अडकलेली माणसे; जात कोण विचारतो !

आता उणे ते उणे म्हणावे. ज्या पंथात पाणक्या आणि न्हावी पाचांतले झाले, त्याच पंथाच्या खेड्यांत आज जातीजातीचे वेगळे गुरुद्वारे आहेत, वेगळी मसणवटी आहेत, आणि लग्नाच्या जाहिरातीत जात आधी छापतात. हरिमंदिरात स्त्रियांना कीर्तन करू द्यावे असा ठराव पंजाबच्या विधानसभेने 2019 साली केला; ठराव करावा लागला, ह्यातच सर्व आले. पगडी नीट बांधली पण पंगतीत शेजारचा पाहून बसला, तर तो तरुण पस्तीस अक्षरे शिकला, पण धडा शिकलाच नाही. तेथील जाणती मुले हे उघड बोलतात, आणि ह्या घरचा ग्रंथ त्यांच्याच बाजूचा आहे.

आपल्या नांदेडास जा. दखनी शिखांची मुले बाजारात मराठी बोलतात आणि गुरुद्वाऱ्यात गुरुमुखी वाचतात. त्यांचे मराठी बिघडले नाही की गुरुमुखी आटली नाही. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांची घरे पाहा. गुरूंच्या फौजेला हत्यार पुरवल्याचा त्यांना अभिमान आहे, पण त्यांच्या मुलांना शाळेत जागा आणि हाताला काम मिळते की नाही, हे पाहण्याचे काम श्रीमंत गुरुभावांचे आहे. ते झाले नाही तर तरुणांचे पुनरागमन सुखवस्तू घरांपुरतेच राहील.

शेतकरी पेरणीपुरते बी कणगीत राखतो. उपास पडला तरी ते खात नाही. पण राखलेले बी पेरलेच नाही तर त्याला भुंगा लागतो, हेही त्याला ठाऊक असते. त्या पोरांनी बी कणगीतून काढून रानात टाकले आहे. तण काढण्याचे काम अजून बाकी आहे. आज घरी गेल्यावर आपल्या लेकरांना एवढेच विचारा, की घरातली पोथी तुम्हांला स्वतःला वाचता येते का, आजाचे हत्यार चालवता येते का, आणि पंगतीत कोणाही शेजारी बसता येते का. उत्तर 'नाही' आले तर त्यांना रागे भरू नका. उद्यापासून शेजारी बसवून शिकवा.