कार्ड गावाकडं राहिलंय

राज्यभरातून आलेले स्त्रीरोग आणि बालरोगतज्ज्ञ, परिचारिका भगिनी आणि आशाताई, सोलापूरकरांच्या वतीनं आपलं मनःपूर्वक स्वागत. आशाताई, मागं का बसलात? पुढच्या खुर्च्या तुमच्यासाठीच ठेवल्यात.

गरोदरपणात लस का? आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात, त्यातली बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत, हे या सभागृहात मी सांगायला नको. धनुर्वात मात्र आठवावासा वाटतो. विळ्यानं नाळ कापायची, वर शेण लावायचं. सहा-आठ दिवसांत बाळाचं दूध ओढणं बंद, जबडा घट्ट. माझ्या वयाच्या डॉक्टरांनी हे पाहिलंय. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झालं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, इतकंच. जंतू मातीत आहेतच, त्यामुळे गरोदरपणातली धनुर्वाताची सुई थांबवून चालायचं नाही.

डांग्या खोकल्याचं काय? बाळाची त्यावरची पहिली लस दीड महिन्याला. तोवर जे काही संरक्षण असेल ते आईकडूनच. ब्रिटननं २०१२ पासून गरोदर स्त्रियांना ही लस द्यायला सुरुवात केली. आपल्या सरकारी कार्यक्रमात त्यांच्यासाठी अजून टीडीच, धनुर्वात आणि घटसर्पाची. डांग्या खोकल्याची लस ज्यांच्या खिशाला झेपते त्यांना. मला हे खटकतं. परिसंवादात यावर थोडं भांडण झालं तरी स्वागत समितीची हरकत नाही!

आणि आहे ती टीडी तरी वेळेवर पोचते का? आमच्या जिल्ह्यात उसाचं गाळप सुरू झालं की फडाशेजारी ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. आठव्या महिन्याची बाई डोक्यावर मोळी घेऊन चाललेली असते. लसीकरणाचं कार्ड मागितलं की उत्तर ठरलेलं : "गावाकडं राहिलंय, ताई." पहिल्या टीडीनंतर चार आठवड्यांनी दुसरा, पण पहिला कधी झाला? मुकादमाच्या वहीत उचल लिहिलेली असते, सुई नसते. मग नर्सताई विचारते, "दसऱ्याच्या आधी टोचलं होतं का नंतर?" आणि त्यावरून हिशेब लावते. लस शीतपेटीत तयार असते. अडतं ते इथं.

अशा फडांवर जाणाऱ्या नर्सताई उद्या दुपारी पहिल्या सत्रात बोलणार आहेत. डॉक्टर मंडळींनी त्या वेळी जेवणाच्या मांडवात रेंगाळू नये. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी भरपूर केली आहे, नंतरही मिळेल. आता अध्यक्षांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करतो.