मालिश करावी, पण कशी?



समजा, धरमपेठेत मामाच्या घरी गावाकडची भाची शिकायला आली आहे. वय बावीस-तेवीस. एके दिवशी तिला एका डोळ्याने धूसर दिसू लागते. ते ओसरते. पुढे काही महिन्यांनी पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. मामी म्हणते, "अशक्तपणा आहे, तेल चोळून घे." मालिशवाली बाई येते. तीन-चार आठवड्यांत पोरगी हिंडू-फिरू लागते. सारे घर म्हणते, "बाईंच्या हाताला गुण आहे हो!"

फसगत होते ती इथेच. हा आजार मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असू शकतो. विजेच्या तारेवर वेष्टन असते ना, तसे आपल्या मज्जातंतूंवरही असते. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदूतील व मज्जारज्जूतील वेष्टनावर उलटते आणि निरोप वाटेत अडखळतात. फ्रान्सचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. बहुधा तो २० ते ४० या वयात सुरू होतो. बायकांत अधिक आढळतो. पुष्कळांना झटका येतो आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. श्रेय मालिशीला मिळते; आत मात्र इजा साचत जाते. आज नवे झटके कमी करणारी औषधे आहेत, आणि ती लवकर सुरू झालेली बरी. म्हणून आराम पडला तरी मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवावेच. ते एमआरआय करून निदान करतात.

मग मालिश सोडावी काय? मुळीच नाही. तिने वेष्टन भरून येत नाही. पण थकवा, दुखणे आणि अंगाची आखड काही वेळ कमी झाल्याचा अनुभव अनेक रोगी सांगतात, छोट्या अभ्यासांतही तसे दिसले आहे. औषधाच्या जोडीला ती जरूर असावी.

मात्र हात हलका ठेवा. आखडलेल्या पायाला हिसका देऊ नका; आखड वाढते. तेल तिळाचे असो की जवसाचे, कढत नको. शेकही नको. बधिर कातडीला चटका कळत नाही. शिवाय अंग तापले की या रोग्याची लक्षणे काही वेळ बळावतात. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा मालिश सकाळच्या गारव्यात करावी. एकच पाय सुजून दुखत असेल, तर त्याला हात न लावता डॉक्टरांकडे जावे. आत रक्ताची गाठ असू शकते. अंथरुणाला खिळलेल्याच्या पाठीवर लाल चट्टा दिसला, तर तोही चोळू नये.

शिक्षक मित्रांनो, गावात लोक तुमचे ऐकतात. एखादी तरणीताठी व्यक्ती वारंवार तोल जाऊन पडत असेल, तर तिला आळशी किंवा बाधा झालेली म्हणू देऊ नका. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात या आजाराची नोंद आहे, हेही त्या घरी सांगा.

मायेचा हात अंगावरून जरूर फिरू द्या. पण त्या हाताने गोळ्यांची डबी बाजूला सारू नये, एवढेच मागून आपली रजा घेतो.