उन्हं चढायच्या आत

नातेपुत्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला चढणीचं अप्रूप नाही. चैत्र शुद्ध द्वादशीला शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाच्या कावडी मुंगी घाटानं वर जातात. सासवडच्या तेल्या भुत्याची कावड वर घ्यायला माणसांची साखळी लागते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ऊन मी म्हणत असतं, दगड तापलेला असतो, पाय पोळतात. पण दगड सकाळी दगड असतो आणि दुपारीही दगडच असतो. घाट अवघड आहे, तरी तो दिवसातून तीनदा आपलं रूप बदलत नाही. याच चैत्र-वैशाखात आपल्या भागातली पुष्कळ मंडळी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडणाऱ्या केदारनाथाला निघतात. कॉलेजातली मुलं मे महिन्याच्या सुट्टीत यूथ हॉस्टेलवाल्यांबरोबर हिमाचलात सार पासला जातात. मोजके काही जण त्याहून वरच्या शिखरांची स्वप्नं पाहतात. या सगळ्यांच्या पायाखाली दगड नसतो, वसंतातला बर्फ असतो. म्हणून निघण्यापूर्वी जो प्रश्न सगळे विचारतात, ‘सध्या वरची वाट कशी आहे?’, तो अपुरा आहे असं माझं म्हणणं आहे. किती वाजता, हे त्यात घातल्याशिवाय त्याला खरं उत्तर मिळूच शकत नाही. पहाटे पाचला ज्या उतारावर बूट टाचेपुरताही रुतत नाही, त्याच उतारावर दुपारी एक वाजता माणूस मांडीपर्यंत आत जातो. वाट तीच, बर्फ तोच, महिना तोच.

असं का होतं ते नीट पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हिवाळ्यात पडलेला भुसभुशीत बर्फ मार्च-एप्रिलपर्यंत दबून घट्ट होतो. ताज्या बर्फाच्या एका घनमीटरचं वजन पुष्कळदा शंभर किलोही भरत नाही, वसंतात तेच चारशे-पाचशे किलोवर जातं. दिवसा उन्हानं वरचा थर वितळतो, बर्फाच्या कणांमध्ये पाणी शिरतं. रात्री ते पाणी गोठतं आणि कण एकमेकांना चिकटून पक्के होतात. रोज वितळायचं, रोज गोठायचं, असं चक्र आठवडेच्या आठवडे चालतं आणि त्यातून साबुदाण्यासारखा जाड दाण्याचा बर्फ तयार होतो. गोठलेला असेपर्यंत तो रस्त्यासारखा टणक असतो. ऊन चढलं की कणांना धरून ठेवणारे सांधे आधी सुटतात. थोडं पाणी असेपर्यंत बर्फ धरून राहतो, पाणी जास्त झालं की त्याची पकड जाते आणि तीव्र उतारावरचा अख्खा थर स्वतःच्या वजनानं खाली यायला लागतो. ओल्या बर्फाचं हिमस्खलन म्हणतात ते हेच. ते फार वेगानं येत नाही, पण सिमेंटच्या गिलाव्यासारखं जड असतं आणि थांबल्यावर आतल्या माणसाला हात हलवू देत नाही. हिमनदीवरच्या भेगांवर बर्फाचे जे पूल झालेले असतात, तेही याच कारणानं सकाळी माणसाचं वजन पेलतात आणि दुपारी पेलत नाहीत.

यात एक गोष्ट अशी आहे की ती ऐकून माहीतगारही चकित होतात. रात्री बर्फ गोठतो तो केवळ हवा थंड असते म्हणून नव्हे. आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता थेट वर सोडून देतो आणि हवेचं तापमान शून्याच्या एखाद-दुसरा अंश वर असतानाही वरचा थर गोठतो. उलट रात्रभर ढग असतील तर ती उष्णता ढगांवरून परत खाली येते आणि थंडी वाजत असूनही बर्फ ओलाच राहतो. म्हणजे ज्या रात्री तंबूत जरा उबदार वाटलं, आभाळ भरून होतं, ती रात्र वरच्या वाटेसाठी वाईट. जिच्यात दात वाजले आणि चांदण्या लखलखत होत्या, ती चांगली. सकाळी उठून ‘आज ढग गेले, छान ऊन पडलंय’ म्हणून निघणारा माणूस नेमका उलटा हिशेब करत असतो, कारण रात्री न गोठलेल्या बर्फावर आता ऊनही पडणार असतं. उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे यावरही घड्याळ बदलतं. पूर्वेकडचे उतार आधी सैल होतात, मग दक्षिणेकडचे, दुपारनंतर पश्चिमेचे. उत्तरेकडचा उतार दिवसभर सावलीत राहतो, पण हिवाळ्यातला कोरडा बर्फ तिथे बराच काळ तसाच पडून असतो आणि त्याचा धोका वेगळ्या जातीचा. जाताना एका बाजूनं आणि येताना दुसऱ्या बाजूनं उतरणाऱ्यानं दोन वेगळी घड्याळं सांभाळायची असतात.

यावर कुणी म्हणेल, मग एवढं सोपं आहे तर अंधारात निघा आणि मोकळे व्हा. खिंड ओलांडायच्या दिवशी पहाटेच्या अंधारातच माणसं बाहेर काढतात, ते उगाच नाही. पण हा सल्लाही अर्धाच आहे. पूर्ण गोठलेला उतार काचेसारखा कडक असतो. बुटाला क्रॅम्पॉनचे दात आणि हातात आइस अ‍ॅक्स असेल तर ती उत्तम वाट, पण साध्या ट्रेकिंगच्या बुटांत असलेल्या माणसाचा पाय तिथे एकदा घसरला की काही क्षणांत त्याला असा वेग येतो की त्याला स्वतःला थांबवता येत नाही. म्हणून वाटाडे पुढे जाऊन पायऱ्या खोदतात आणि म्हणून हौशी ट्रेकरसाठीची योग्य वेळ गिर्यारोहकाच्या वेळेपेक्षा थोडी उशिराची आणि पुष्कळ आखूड असते. बर्फाचा वरचा बोटभर थर मऊ झाला आहे आणि खालचा अजून कडक आहे, तेवढीच. ती वेळ सूर्य उगवल्यानंतर तासाभरात येईल की तीन तासांनी, हे आदल्या रात्रीच्या आकाशावर ठरतं, छापील कार्यक्रमपत्रिकेवर नाही.

केदारनाथाचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. मंदिर 3,583 मीटर उंचीवर आहे. दार कधी उघडणार ते महाशिवरात्रीला पंचांग पाहून जाहीर होतं. 2023 साली ते 25 एप्रिलला उघडलं, 2024 साली 10 मे रोजी. म्हणजे एका वर्षी दुसऱ्या वर्षापेक्षा पंधरा दिवस आधी आणि वसंतात पंधरा दिवस म्हणजे बर्फाच्या दृष्टीनं एक वेगळा ऋतूच. हिवाळ्याच्या शेवटी आणि पुढेही पश्चिमी झंझावात येत राहतात, एप्रिलच्या अखेरीसही तिथे ताजा बर्फ पडतो. सुरुवातीच्या दिवसांत गौरीकुंडाच्या वरच्या वाटेवर कामगार बर्फ कापून रस्ता मोकळा करतात. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच बर्फाच्या भिंती आणि मधून भाविकांची आणि खेचरांची रांग, हे चित्र आपण बातम्यांत पाहतो. त्या भिंती सुंदर दिसतात. सकाळच्या थंडीत त्या भिंतीच असतात, दुपारी मात्र वरच्या नाळेतला सैल बर्फ कधीही वाटेवर उतरू शकतो. दर्शनाची वेळ देवस्थान ठरवतं, गाभाऱ्यापर्यंतच्या वाटेची वेळ ऊन ठरवतं.

आता खरी अडचण. माझ्या म्हणण्याला छेद देणारा पुरावा आहे आणि तो लहान नाही. 18 एप्रिल 2014 रोजी एव्हरेस्टच्या पायथ्याशी खुंबू हिमप्रपातात बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि 16 नेपाळी कामगार ठार झाले. ती वेळ सकाळी पावणेसातच्या सुमाराची होती. ऊन अंगावर यायच्या आधीच, म्हणजे माझ्या हिशेबानं सुरक्षित ठरावी अशी. मग घड्याळाचा उपयोग काय? याचं प्रामाणिक उत्तर असं की लटकणारे हिमकडे आपल्या वजनानं आणि हिमनदीच्या सरकण्यानं तुटतात, ते उन्हाची वाट पाहत नाहीत. त्यांच्यापासून बचाव एकच, त्यांच्या खाली कमीत कमी वेळ राहायचं आणि जमल्यास वाटच बदलायची. त्यानंतरच्या वर्षी तिथली वाट त्या कड्यापासून थोडी दूर, हिमप्रपाताच्या मध्याकडे नेली गेली, ती म्हणूनच. पण यावरून बाकीचा हिशेब खोटा ठरत नाही. शेर्पा आजही तो हिमप्रपात रात्रीच्या अंधारात ओलांडतात, कारण भेगांवरचे पूल आणि उभे हिमखांब उन्हात आणखी बिघडतात. एक धोका घड्याळ मानत नाही म्हणून जे मानतात त्यांच्याकडेही दुर्लक्ष करायचं, हा तर्क उलटा आहे. हिमप्रपाताच्या वरची वेस्टर्न कुम ही दरी तर सोलापूरकरांनी ऐकावी अशी. तिन्ही बाजूंच्या बर्फाच्या भिंतींवरून ऊन परावर्तित होतं आणि वारा पडला की सहा हजार मीटरच्या वर, बर्फात उभं राहून माणूस 35 अंशांपर्यंतचा उकाडा अनुभवतो. तिथूनही लोक पहाटेच निघतात.

दुसरा आक्षेप असा की आठ हजार मीटरवर बर्फ वितळतच नाही, तापमान दुपारीही शून्याच्या कितीतरी खाली असतं, मग तिथे ऊन चढलं काय नि न चढलं काय. हे खरं आहे. पण तिथे बर्फाच्या घड्याळाची जागा दुसरी दोन घड्याळं घेतात, वाऱ्याचं आणि प्राणवायूचं. हिवाळ्यात एव्हरेस्टच्या शिखरावरून वाहणारा जेट प्रवाह मे महिन्यात उत्तरेकडे सरकतो आणि मोसमी पाऊस पोचण्यापूर्वी थोडे शांत दिवस मिळतात. हिलरी आणि तेनसिंग 29 मे 1953 रोजी सकाळी साडेअकराला माथ्यावर होते. आपले गिर्यारोहक सुरेंद्र चव्हाण 1998 साली, ‘गिरीप्रेमी’ या संस्थेचे आठ जण 2012 साली, तेही मे महिन्यातच. प्राणवायूचा हिशेब तर पाटीवर मांडता येतो. चार लिटरच्या नळकांड्यात तीनशे बार दाबानं सुमारे बाराशे लिटर वायू बसतो, मिनिटाला दोन लिटर घेतला तर तो दहा तास पुरतो. चढताना रांगेत उभं राहून गेलेला प्रत्येक तास उतरण्याच्या वाट्यातून वजा होतो.

आणि इथे तिसरा, सगळ्यात बोचरा आक्षेप येतो. योग्य वेळ मोजकीच असेल आणि ती सगळ्यांना कळली, तर सगळे एकाच वेळी येणार. 2019 च्या वसंतात तेच झालं. नेपाळनं 381 परवाने दिले होते, चांगल्या हवेचे दिवस थोडे होते आणि शिखराखालच्या अरुंद धारेवर माणसांची ती रांग लागली जिचं छायाचित्र जगभर गेलं. त्या मोसमात एव्हरेस्टवर 11 माणसं गेली. त्यांत आपल्या शेजारचा, अकलूजचा एक तरुण गिर्यारोहक होता. शिखर गाठून उतरताना तो गेला. त्याच्याविषयी इथे दोष-गुणाचं काही बोलणं मला योग्य वाटत नाही. पण हवामानाचा अंदाज जितका अचूक झाला, तितकी गर्दी जास्त घट्ट झाली, हे मान्य करावंच लागतं. मात्र यातून निघण्याची वेळ पाळू नये असा अर्थ निघत नाही. परतण्याची वेळ तितक्याच कडकपणे पाळावी, असा निघतो. 10 मे 1996 रोजी दुपारी दोनच्या आसपास परत फिरायचं, असं एव्हरेस्टवर बोललं गेलं होतं. अनेक जण त्यानंतरही वर जात राहिले आणि संध्याकाळी वादळ आलं. त्या दीड दिवसात आठ जण गेले, त्यांत उत्तरेकडून चढलेले भारत-तिबेट सीमा पोलिस दलाचे तिघे जवान होते. रांगेत उभा असलेला माणूस रांग हलवू शकत नाही, पण मनगटावरचं घड्याळ पाहून तिच्यातून बाहेर पडू शकतो.

तो बाहेर का पडत नाही, याचं कारण बर्फात नाही, पैशात आहे. एव्हरेस्टच्या नुसत्या परवान्याला नेपाळ सरकार 11,000 डॉलर घेत असे, 2025 च्या सप्टेंबरपासून ते 15,000 झाले. सगळी मोहीम दहा लाखांच्या पटीत जाते, वर्गणी काढलेली असते, गावात फलक लागलेले असतात. खालच्या पातळीवरही तेच चालतं, फक्त आकडे लहान. खिंडीच्या तीनशे मीटर खालून ट्रेक लीडरनं गट परत आणला की ‘पैसे पूर्ण घेतले आणि खिंड दाखवली नाही’ म्हणून संध्याकाळी भांडण होतं. त्या लीडरला पुढच्या वेळी परत फिरणं जड जातं, हे कुणी लक्षात घेत नाही.

तेव्हा या मोसमात जे वर निघणार आहेत त्यांनी पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन गोष्टी विचाराव्यात. वरच्या मुक्कामावरून गट किती वाजता निघतो. रात्री आभाळ भरलेलं राहिलं तर तो निघतो की थांबतो. आणि माथा समोर दिसत असला तरी किती वाजता मागे वळतो. पहिल्याचं उत्तर बहुतेकांकडे तयार असतं. दुसऱ्याला जो थोडा थांबून, विचार करून उत्तर देईल तो जाणकार समजावा. तिसऱ्याला ‘ते तिथे गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं, तर पैसे अजून आपल्याच खिशात आहेत हे बरंच म्हणायचं.