शॉवर, फ्लश आणि एक बादली

गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर आमचा वन बीएचके. डोक्यावरच टाकी, तरी शॉवरची धार बारीक. त्यात मध्येच कढत पाणी! परवा आजीचा खांदा पोळला. बाबा म्हणाले, "गीझरच बदलू."

म्हटलं, थांबा, आधी बादली लावू. १० लिटरची बादली नळाखाली मिनिटभरात भरली, शॉवरखाली तीन मिनिटं! म्हणजे गीझर ठीक, शॉवरच चोंदलेला. जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, सकाळी ब्रशने क्षार काढले. धार सुधारली. (फक्त गरम नळच मंद असेल, तर मात्र गीझरसाठी प्लंबर बोलवा.)

आणि कढत पाणी? १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. आमची टाकी शॉवरच्या जेमतेम ३ मीटर वर, म्हणजे ०.३ बार. फ्लशची टाकी भरायला लागली की गार पाणी तिकडे पळतं, शॉवरला उरतं गरम. फ्लशचा अँगल कॉक अर्धा बंद केला. खर्च शून्य!

आजी मात्र अजून बादलीनेच अंघोळ करते. आधी गार, मग गरम, मग हात घालून बघायचं. तिचंही बरोबरच आहे. भेटू पुढच्या भागात!