ऐकणे हीही रुग्णसेवाच

(समुपदेशक व परिचारिका यांच्यासाठी रुग्णालयात घेण्यात आलेल्या संवादकौशल्य प्रशिक्षणवर्गाच्या समारोपप्रसंगी प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समारोपाचे चार शब्द बोलण्याची सूचना झाली तेव्हा मी संकोचलो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च, खरेदी, वेतनपत्रके आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार यांत माझी उमेदीची वर्षे गेली. मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. तरीही या वर्गाला मी मागच्या बाकावर बसून पूर्ण हजेरी लावली. त्याचे कारण माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. ती सांगितल्यावाचून पुढचे बोलणे प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी डायलिसिसवर असलेल्या एका रुग्णाच्या पत्नी माझ्याकडे आल्या. त्यांच्या अनुमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून हे सांगत आहे. त्यांच्या हातात बिलांची पिशवी होती. त्यांनी विचारले, "साहेब, हे आणखी किती दिवस चालायचं?" मी तत्परतेने कागद पुढे ओढला. आठवड्याला तीन फेऱ्या, म्हणजे महिन्याला बारा-तेरा, असा हिशेब मांडला. निर्धन रुग्ण निधीतून सवलत कशी मिळेल, उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका कोठे सादर करायची, हेही समजावले. वर "काळजी करू नका" असे म्हणालो. त्या लगेच उठल्या नाहीत. थोडा वेळ नुसत्याच बसून राहिल्या आणि मग निघून गेल्या. एका गरजू कुटुंबाचे काम झाले, या समाधानात मी पुढची फाईल उघडली.

पुढे त्या आमच्या समुपदेशक ताईंकडे येऊ लागल्या. दोन-तीन महिन्यांनी व्हरांड्यात भेट झाली तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही हिशेब बरोबर सांगितलात. पण मी हिशेब विचारायला आले नव्हते."

हे वाक्य मनात घेऊन मी या वर्गात बसलो होतो. पहिल्याच दिवशी क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाच्या सिद्धान्ताची ओळख करून देण्यात आली. बेल टेलिफोन प्रयोगशाळेत काम करीत असताना १९४८ साली त्याने तो मांडला. संदेश पाठवणारा, संदेश नेणारा मार्ग, वाटेतला गोंगाट आणि संदेश घेणारा अशी त्याची सुटसुटीत मांडणी आहे. आपल्या रुग्णालयात गोंगाटाला तोटा नाही. स्ट्रेचरची चाके, ध्वनिक्षेपकावरील पुकारे, इंग्रजी वैद्यकीय शब्द आणि या सर्वांहून मोठी असलेली मनातली भीती. परंतु शॅननने आरंभीच एक मर्यादा नमूद केली होती. संदेशाचा अर्थ काय, हा प्रश्न त्याच्या अभियांत्रिकी विचाराच्या कक्षेबाहेरचा होता. त्या बाईंचे शब्द माझ्यापर्यंत एकही अक्षर न गळता पोहोचले होते. अर्थ पोहोचला नव्हता. समुपदेशकाचे काम नेमके तेथे सुरू होते.

पॉल वात्सलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचा पुढचा दुवा सापडतो. माणसाच्या प्रत्येक बोलण्यात आशय असतो आणि त्याबरोबरच समोरच्याशी असलेल्या नात्याविषयीही काही सांगितलेले असते, असे ते म्हणतात. दोन माणसे समोरासमोर असताना संवाद टाळताच येत नाही. गप्प बसणे हेही सांगणेच असते. त्या बाई उत्तर मिळूनही उठल्या नाहीत, हा त्यांचा दुसरा प्रश्न होता. तो मला ऐकू आला नाही.

मग ऐकायचे कसे? कार्ल रॉजर्स यांनी १९५७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात समुपदेशकाच्या अंगी ज्या गोष्टी आवश्यक मानल्या, त्यांतील तीन आपल्या वर्गात पुनःपुन्हा आल्या. पहिली समानुभूती, म्हणजे दुसऱ्याचे जग त्याच्या जागेवरून पाहणे, पण त्यात स्वतः वाहून न जाणे. दुसरी विनाअट स्वीकार. तिसरी खरेपणा, म्हणजे चेहऱ्यावर एक आणि मनात एक असे नसणे. सांगायला या सोप्या आहेत, आचरणाला अवघड. वर्गातील एका सरावात मला नातेवाईक करून बसवले आणि "किती दिवस चालायचं?" हाच प्रश्न मी विचारला. समोरच्या तरुण परिचारिकेने उत्तर दिले नाही. ती म्हणाली, "किती दिवस, असं विचारताना तुमच्या मनात काय येतंय?" आणि थांबली. नाटक असूनही माझा गळा दाटून आला. बोलायला मला पाव मिनिट तरी लागले आणि तेवढा वेळ ती मध्ये बोलली नाही.

हे थांबणे किती दुर्मीळ आहे, हे अमेरिकेतील बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली दाखवून दिले. त्यांनी ७४ भेटींची ध्वनिमुद्रणे तपासली. आपली तक्रार पूर्ण सांगण्याची संधी त्यांतील केवळ १७ भेटींत रुग्णाला मिळाली होती. जेथे डॉक्टरांनी मध्येच अडवले, तेथे सरासरी १८ सेकंदांत अडवले होते. डॉक्टरांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. माझ्या टेबलाशी घड्याळ लावले असते, तर आकडा याहून बरा आला असता असे मला वाटत नाही.

एका गैरसमजाचाही येथे निरास झाला. संवादात शब्दांचा वाटा सात टक्के आणि उरलेला आवाजाचा व देहबोलीचा, असे अनेक व्याख्यानांत सांगितले जाते. अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ सालचे ते प्रयोग भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरते होते, आणि त्यात सुटे शब्द वापरले होते. सर्व संवादाला ते लावू नयेत, असे खुद्द त्यांनीच स्पष्ट केले आहे. हिशेबनीस म्हणून मला हे विशेष आवडले. शब्दांचे मोल कमी नाही, आणि मराठीत तर मुळीच नाही.

आपल्याकडे येणारा रुग्ण 'मला नैराश्य आले आहे' असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही. फार तर 'टेन्शन आहे' म्हणतो. या एका शब्दात कर्ज, मुलीचे लग्न, झोप न येणे, नवऱ्याची दारू, काहीही असू शकते. म्हणून वर्गात शिकवले गेले की त्याचाच शब्द उचलावा आणि विचारावे, "टेन्शन येतं म्हणजे नेमकं काय होतं?" त्याने सांगितलेले आपल्या शब्दांत थोडक्यात परत सांगावे आणि ते बरोबर आहे का, हे त्यालाच विचारावे. 'का' हा शब्दही जपून वापरावा. "आधी का नाही आलात?" यात आरोप ऐकू येतो, "आधी येण्यात काय अडचण आली?" यात वाट मोकळी राहते. प्रत्येक वयस्क स्त्रीला सरसकट 'मावशी' म्हणण्याऐवजी "तुम्हाला काय म्हणू?" असे एकदा विचारणे बरे. आणि "काळजी करू नका" हे वाक्य शक्यतो टाळावे. बोलणाऱ्याची सुटका होते, पण ऐकणाऱ्याची काळजी तशीच राहते.

आता एक प्रसंग विश्वस्त मंडळासाठी मुद्दाम सांगतो. त्या बाईंच्या घरचे एक वडीलधारे गृहस्थ माझ्याकडे आले. बाई आत काय बोलतात, हे त्यांना हवे होते. घरात मूत्रपिंडदानाचा विषय निघाला होता, एवढे त्यांच्याच बोलण्यातून समजले. मी समुपदेशक ताईंना बोलावून विचारले. त्या म्हणाल्या, "साहेब, त्यांनी परवानगी दिल्याशिवाय ते मला सांगता येणार नाही. यांनाही नाही आणि तुम्हालाही नाही." त्या क्षणी मला राग आला. नंतर विचार केला. मानवी अवयव प्रत्यारोपणाविषयीच्या १९९४ सालच्या कायद्यानुसार जिवंत दात्याचे दान स्वेच्छेने झालेले असावे लागते. पत्नीने हो म्हणावे की नाही म्हणावे, हे घरातील वडीलधाऱ्यांच्या धाकाखाली ठरत असेल, तर त्या इच्छेला काय अर्थ? आपल्या मनात खरोखर काय आहे, हे निर्भयपणे बोलून पाहायला तिला जगात एक तरी जागा हवी होती. ती जागा आपल्या रुग्णालयात होती, आणि मी तिचे दार उघडायला निघालो होतो. त्यांचा निर्णय काय झाला, हे मी विचारले नाही. आजही मला ठाऊक नाही, आणि ते योग्यच आहे.

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या माहितीची गोपनीयता मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने हक्क म्हणून मान्य केली आहे. आपल्या समुपदेशन कक्षात येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो रुग्ण असो वा नातेवाईक, तोच विश्वास मिळावा, अशी माझी विनंती आहे.

देणगीदारांसाठी शेवटचे एक निवेदन. धर्मादाय रुग्णालयांसाठी २००६ सालापासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. तिच्यातून गरजूंच्या बिलांना आधार मिळतो. समुपदेशकाचे वेतन मात्र त्यातून भागत नाही. या अहवालाच्या जमाखर्चात समुपदेशन कक्षापुढे केवळ खर्च दिसेल. यंत्र घेतले तर त्यावर दात्याचे नाव कोरता येते, ते पाहुण्यांना दाखवता येते. येथे दाखवण्यासारखे काही नाही. आत कोण आले आणि काय बोलले, हेही आपणास कधी सांगता येणार नाही. आम्ही मागतो आहोत ते बंद होणारे एक दार, दोन खुर्च्या, आणि घाईत नसलेल्या एका प्रशिक्षित माणसाचे वेतन.

पूर्वी अंदाजपत्रकात काटछाट करायची वेळ आली की माझी लेखणी प्रथम या कक्षाच्या तरतुदीकडे वळत असे. यापुढे ती तेथे वळणार नाही, एवढे आश्वासन प्रशासक या नात्याने देतो. प्रशिक्षणार्थींचे अभिनंदन करतो आणि आपण सर्वांनी माझे बोलणे मध्ये न अडवता ऐकून घेतलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार मानून आपली रजा घेतो.